सात फूट नऊ इंच

सचोटी एकदा अंगात मुरली की माणूस कुठल्याही मैदानावर ताठ उभा राहतो. शिक्केसाहेब मात्र त्या दुपारी परक्या गावच्या फुटबॉल मैदानात, दक्षिणेकडच्या गोलच्या तोंडाशी, पोटावर पालथे पडले होते. गाल गवताला टेकलेला, एक डोळा मिटलेला, आणि बोटाखाली पोलादी टेपचं शून्याचं टोक. दुसरं टोक वरच्या आडव्या दांड्याला भिडवून धरायचं काम त्यांच्या मेहुण्याकडे होतं. मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्यामुळे हात वर करून तासन्‌तास उभं राहायची त्याला सवय होती.

"भावजी, कुणी बघितलं तर काय सांगायचं?"

"सरळ धर. पोटात बाक आलाय."

"माझ्या?"

"टेपच्या."

सामना सुरू व्हायला अजून अडीच तास होते. बरोबर आलेली चाळीसएक माणसं बसपाशी डबे उघडून बसली होती. आज जिंकलो की आपला संघ वरच्या गटात गेला, असं सकाळच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं, त्यामुळे सगळ्यांना भूक लागली होती. शिक्केसाहेबांना लागली नव्हती. त्यांना संशय आला होता.

शिक्केसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते एकतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानातले तराजू, पंपावरची तेलाची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या हे सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. बरोबर असलं तर शिक्का, नसलं तर जप्ती. तिसरा प्रकार त्यांनी आयुष्यात केला नव्हता. सख्ख्या साडूचा तराजू त्यांनी साडूच्याच मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात जप्त केला होता, आणि लग्नाला आहेर घेऊन गेले होते. कामाचा अर्क म्हणून ते नव्या माणसांना एक गोष्ट शिकवत. माप दुकानदाराच्या बाजूने झुकलं तर तो चोर. गिऱ्हाईकाच्या बाजूने झुकलं तर तो मोठा चोर, कारण आज तपासणी आहे हे त्याला आधीच कळलेलं असतं.

त्यांचा संघ सव्वीस वर्षं खालच्या गटात होता. सव्वीस वर्षं साहेब रजा टाकून, संघ जाईल त्या गावाला जात होते आणि तो हरताना बघून परत येत होते. त्या हरण्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. हरणं चोख होतं. पण या मोसमात संघ ओळीने नऊ सामने जिंकला आणि साहेबांची झोप उडाली. तोच चौतीस वर्षांचा आघाडीवीर, तीच त्याची गुडघ्यांची कुरकुर, तोच साडेपाच फुटी गोलरक्षक. मग काटा इतका झुकला कसा? त्यांनी पंचांवर संशय घेऊन पाहिला, प्रतिस्पर्ध्यांवर घेतला, चेंडूवर घेतला. नव्या प्रशिक्षकावर तर तो हसतो एवढ्यावरूनच घेतला. बायको म्हणाली, "अहो, जिंकतायत तर जिंकू द्या की! तुमचं काय जातंय?" पण आज ते टेप घेऊन निघाले होते.

रुंदी चोवीस फूट, चोख. उत्तरेकडचा गोल उंचीला आठ फूट, चोख. हा दक्षिणेकडचा मात्र मधोमध सात फूट नऊ इंच भरला. त्यांनी तीनदा मोजला.

"काय हरवलंय का हो?" मैदानाचा म्हातारा रखवालदार खराटा घेऊन येऊन उभा राहिला होता.

"तीन इंच," पडल्या पडल्या साहेब म्हणाले.

रखवालदाराने दांड्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि अजिबात दचकला नाही. "हां, ते होय. गोली उभा राहून राहून इथं खड्डा पडतो. मी दरसाल माती टाकतो, रोलर फिरवतो. दांडा आहे तिथंच आहे, जमीन वर आली."

"किती वर्षं टाकताय?"

"अठरा."

"आणि कुणी मोजलं नाही?"

"मोजतात की! पांढऱ्या रेघा मोजतात. वर कोण बघतंय?" मग त्याने साहेबांना नीट न्याहाळलं. "तुम्ही पंच?"

"नाही. सामना बघायला आलोय. पाहुण्यांकडून."

"मग मोजून काय करणार?"

प्रश्न साधा होता. दोन फावडी आणि तासभर वेळ, एवढ्यात खांब तीन इंच वर उचलून गोल चोख झाला असता. पंच अजून यायचे होते, फाटकातच त्यांना गाठता आलं असतं. साहेब उठले, गुडघे झटकले आणि फाटकाकडे वळलेसुद्धा. मेहुण्याने बाही धरली.

"भावजी, एक मिनिट. दुसऱ्या अर्धात हा गोल आपल्याकडे आला तर? आपला गोली केवढा? उडी मारली तरी त्याचा हात दांड्याला पुरत नाही. याला पुरेल!"

"माप खोटं आहे."

"दोघांनाही खोटं आहे ना? पंचेचाळीस मिनिटं ते, पंचेचाळीस मिनिटं आपण. यात फसवलं कुणाला?"

"खोटा तराजू ठेवणारा दुकानदारसुद्धा सगळ्यांना सारखंच फसवतो."

"बरं, नाणेफेक होऊ द्या. हा गोल आधी त्यांनी राखला, तर तोटा पहिला आपला. स्वतःचा तोटा सोसायला काय हरकत?"

साहेबांनी टेपची कळ दाबली, टेप सळसळत आत गेली आणि खटकन बंद झाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खोटं माप पाहिलं आणि शिक्का न मारता, जप्त न करता चालू लागले. आधी चहा घ्यावा, असं त्यांना वाटलं.

सामन्याच्या वेळी पाहुण्यांना छप्पर नसलेल्या पायऱ्यांवर बसवलं होतं. मेहुण्याने रंगवलेला फलक दोघांनी धरला होता. साहेबांच्या शेजारी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई होत्या. या प्रवासी मंडळाच्या त्या चिटणीस, आणि शिट्टी वाजवायला त्यांना पंचांपेक्षा जास्त आवडायचं.

"शिक्केसाहेब, वर गेल्यावर कसं व्हायचं आपलं?"

"पहिल्या पाच सामन्यांत अठरा गोल खाऊ," साहेब म्हणाले. "बचावात दोघं म्हातारे, आणि तिसरा लग्न ठरल्यापासून मागे वळून बघतच नाही."

"म्हणजे जाऊच नये म्हणता?"

जावं असं साहेबांना इतकं वाटत होतं, की त्यांना स्वतःचाच संशय यायला लागला होता.

नाणेफेक झाली आणि दक्षिणेकडचा गोल आधी यजमानांकडे गेला. म्हणजे पहिल्या अर्धात तोटा आपलाच. साहेबांना हलकं वाटलं. विसाव्या मिनिटाला आपल्या आघाडीवीराचा पाय निसटला, चेंडू नुसता नडगीला लागला आणि तीन बचावपटूंच्या पायांमधून घरंगळत गोलमध्ये गेला. पायऱ्यांवर हलकल्लोळ झाला. बाईंनी शिट्टी फुंकली. साहेबांनीसुद्धा टाळी वाजवली, पण आधी मनाशी तपासून: चेंडू जमिनीलगत गेला, उंचीचा प्रश्नच येत नाही. गोल चोख.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. त्यांचा साडेपाच फुटी गोलरक्षक अठरा वर्षांच्या मातीवर जाऊन उभा राहिला.

यजमान वाघासारखे आले. साहेब चेंडू बघत नव्हते. प्रत्येक फटक्याला त्यांची नजर दांड्यावर जात होती. एक गोलरक्षकाने छातीवर घेतला, एक बाहेर गेला, एक फार वरून गेला. चोख, चोख, चोख. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला यजमानांच्या एका पोराने पंचवीस पावलांवरून असा फटका मारला, की गोलरक्षकाने हात वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. चेंडू दांड्याच्या खालच्या कडेवर दणकन आदळला, मैदानात परत आला आणि कुणीतरी लाथेने भिरकावून दिला. दांडा बराच वेळ थरथरत होता.

दांडा तीन इंच वर असता तर चेंडू त्याला न लागता आत गेला असता. हे कळायला साहेबांना टेप लागली नाही.

दोन मिनिटांनी सामना संपला. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडात शिट्टी तशीच होती. मेहुणा फलकात गुंडाळला जाऊन नाचत होता. साहेब पायऱ्या उतरायला लागले, तसा तो नाचता नाचता थांबला.

"भावजी, कुठं निघालात? भावजी! हात जोडतो. सव्वीस वर्षं झाली हो. तुम्हाला ताईची शपथ."

"तुझ्या ताईला मध्ये आणू नकोस."

"या लोकांना काय सांगू मी?"

"लघवीला गेलेत म्हणून सांग."

पंचांची खोली म्हणजे एक बाक आणि एक नळ. पंच तरुण होता आणि एक मोजा काढून पायाला आलेला फोड बघत होता. साहेबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: दक्षिणेकडचा गोल, सात फूट नऊ इंच, अठ्ठ्याऐंशीवं मिनिट.

"तुम्ही मोजलंत?"

"मोजलं."

"केव्हा?"

"एक वाजता."

पंचाने पाय खाली ठेवला. "माहीत होतं, तर सामन्याआधी का नाही सांगितलंत?"

हा प्रश्न साहेबांनी स्वतः एकतीस वर्षं विचारला होता, याच आवाजात, जवळजवळ याच शब्दांत. त्याला गल्ल्यावरून तीनच उत्तरं यायची. माणूस नवीन आहे. घरी आजारपण होतं. आणि तिसरं, सगळ्यांत जास्त यायचं ते. ते ऐकलं की साहेब पुढचं ऐकून न घेता जप्तीचा कागद काढत.

"लक्षात नाही आलं," साहेब म्हणाले.

पंच त्यांच्याकडे बघत राहिला. या नजरेच्या पलीकडच्या बाजूला आपण कधी उभे राहिलो नव्हतो, हे साहेबांच्या ध्यानात आलं. तिथे उकडत होतं.

"हरलेल्यांपैकी का तुम्ही?"

"नाही. जिंकलेल्यांपैकी."

पंचाने काढलेला मोजा परत चढवला आणि आवाज खाली आणला. "खरं सांगा काका, कुणी पाठवलंय तुम्हाला?"

"कुणी नाही."

"जिंकलेला माणूस जिंकलेला सामना मोडायला येतो? मला काय दूधखुळा समजता?"

"मोडू नका. निदान लिहून घ्या."

"प्रेक्षकाची तक्रार चालत नाही. संघांनी करायची, तीही खेळाआधी." तरी त्याने खिशातून वही काढली, बहुधा त्यांना लवकर वाटेला लावण्यासाठी. "नाव?"

साहेबांनी संपूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. पंचाने ते लिहिलं.

"हुद्दा?"

नळ ठिबकत होता. साहेबांच्या शर्टाच्या खिशात खात्याचं ओळखपत्र होतं. ते दाखवलं की भल्याभल्या व्यापाऱ्यांना कंठ फुटत नसे. त्यांचा हात तिथपर्यंत गेला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"प्रेक्षक," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते चालकाच्या मागच्या बाकावर बसले. मेहुणा येऊन शेजारी टेकला. त्याने डब्यातला उरलेला लाडू पुढे केला. साहेबांनी तो घेतला आणि हातात धरून ठेवला. मागे गाणी चालली होती. मग बाई फोन उंच धरून, तोल सांभाळत पुढे आल्या. शिट्टी वाजवून त्यांनी बस शांत केली, आणि आपल्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या संघाचा निकाल आत्ताच कळल्याचं जाहीर केलं. तो संघ स्वतःच्याच मैदानावर, तळाच्या संघाकडून, तीन-शून्य असा हरला होता.

म्हणजे आपला संघ आज हरला असता, तरी वर गेलाच असता.