न कापलेला कोपरा

तिला शेवाळबाई हे नाव कुणी चिकटवलं कोण जाणे, पण ते सपशेल चुकीचं होतं. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या या बाईने शेवाळाचं आयुष्यभर वाईटच चिंतलं होतं. तिचा जीव होता तो तळ्याच्या तळाशी रुजणाऱ्या, पाण्याखालीच झुलणाऱ्या पाणगवतावर. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी ती दोरीला बांधलेलं दाताळं तळ्यात फेकायची, वर आलेला गुंता बरण्यांत भरायची आणि त्या बरण्या मुलीच्या फ्रिजमध्ये ठेवायची. जावयाने एकदा त्यातली एक सरबत समजून तोंडाला लावली होती. तेव्हापासून सासू-जावयाचं बोलणं कामापुरतं उरलं होतं.

जावई नगरपालिकेची गवत कापायची होडी चालवायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त कामाचं नाव काढलं की त्याच्या अंगात कणकण यायची.

त्याने तळ्यावर पसरलेली जलपर्णी काढली तेव्हा शेवाळबाई खूश झाली. तिच्या लाडक्या गवताला ऊन मिळणार होतं. पण मुख्याधिकारी साहेबांना तळ्यात नौकाविहार सुरू करायचा होता, आणि वल्ही त्या गवतात अडकत होती. त्यांनी हुकूम सोडला, खालचंही सगळं साफ करा.

ती तडक त्यांच्या केबिनमध्ये गेली. वसाहतीचं सांडपाणी तळ्यात येतं, त्यातलं खत हे गवत खातं, असं तिने समजावलं. गाळ त्याच्या मुळांनी धरून ठेवलाय. शेवाळ फस्त करणारे बारीक किडे माशांपासून लपायला त्याच्यातच बसतात. गवत गेलं की ते सगळं खत शेवाळाच्या घशात जाईल. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "बाई, गवत ते गवत. तुमचा मायेचा प्रश्न आहे, माझा वल्ह्यांचा."

घरी तिने जावयालाही सांगून पाहिलं. तो म्हणाला, नोकरी साहेबांची आहे, सासूची नाही. मुलगी मध्ये पडली आणि दोघांकडून बोलणी खाऊन बाहेर आली.

वीस दिवस कापणी चालली. साहेबांनी काठावरून, गाडीतून न उतरता पाहणी केली आणि शंभर टक्के काम झाल्याच्या दाखल्यावर सही ठोकली. उद्घाटन झालं, फोटो निघाले. पुढच्या तीन आठवड्यांत पाण्याला रंगाचा डबा सांडल्यासारखी हिरवी दाट साय आली. मासे पोट वर करून तरंगू लागले. नावेत बसलेली माणसं नाकाला रुमाल लावून उतरली आणि जाताना म्हणाली, शेवाळबाईंचंच हे काम असणार. तिने तो अपमान गिळला.

पुढच्या गुरुवारी ती भाड्याच्या नावेतून सगळं तळं फिरली. दाताळ्याला नुसता चिखल येत होता. पंपघरामागच्या कोपऱ्यात मात्र ते जड झालं. वर आलं ते भरभरून गवत. तिथलं पाणी इतकं नितळ होतं की तळाचे दगड मोजता यावेत. ती थेट घरी आली आणि जावयासमोर ओलं दाताळं धरून उभी राहिली.

"जावईबुवा, हा कोपरा कसा काय राहिला?"

त्याने आधी मशीन बिघडल्याचं सांगितलं, मग दोरी तुटल्याचं. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "आई, तिथे झाडाची सावली पडते. दुपारी होडी बांधून मी झोपायचो. वहीत मात्र कापलं म्हणून लिहिलं."

शेवाळबाईने दाताळं खाली ठेवलं. मग म्हणाली, "इतकं चांगलं काम तुम्ही जन्मात केलं नाहीत."

आता पंचाईत अशी, की त्या गवताची रोपं तळ्यात लावायची तर साहेबांना कोपरा दाखवावा लागणार, आणि कोपरा दाखवला की झोप उघडी पडणार. तिने त्याच्यावर सोपवलं. दोन दिवस तो जेवताना कुणाकडे बघत नव्हता. तिसऱ्या दिवशी स्वतःच सासूला घेऊन केबिनमध्ये गेला आणि सगळं कबूल केलं. साहेब तांबडेलाल झाले, निलंबनाचा कागद मागवला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून शेवाळबाईने अगदी मऊ आवाजात विचारलं, की मग शंभर टक्के कामाच्या त्या दाखल्याचं काय करायचं? कागद आणणाऱ्या शिपायाला साहेबांनी दारातूनच परत पाठवलं. निलंबनाच्या कागदाऐवजी टोपल्या आणि जाळी मंजूर झाली.

दोघांनी मिळून गवताच्या जुड्या दगडांना बांधल्या, टोपल्यांत घालून उथळ पाण्यात बुडवल्या, माशांनी ओरबाडू नयेत म्हणून भोवती जाळी ठोकली. जावई छातीभर पाण्यात उभा राहून कुरकुरायचा आणि जुड्या मात्र नीट बांधायचा. पहिल्या खेपेच्या निम्म्या कुजल्या. दुसऱ्या खेपेला त्याने त्या काठाजवळ, जास्त उजेडात लावल्या. ही युक्ती त्याची होती, आणि तिने ती आपल्या वहीत त्याच्या नावावर लिहिली.

दुसऱ्या वर्षाअखेर पंपघराकडचं अर्धं तळं निवळलं. वसाहतीच्या नाल्याकडचं अर्धं अजून हिरवंगारच आहे, कारण नाला वळवायची फाइल साहेबांच्या टेबलावर पडून आहे. दर सोमवारी सासू आणि जावई दोघं जाऊन त्या टेबलासमोर बसतात. साहेबांनी आता चहा द्यायचं बंद केलंय.