वीतभर लंडन

चारुदत्त अभ्यंकर लंडनला कधी गेले नाहीत, पण तिथल्या भुयारी रेल्वेचे जुने नकाशे त्यांच्या मिरजोळ्याच्या घरात एकशे चौदा आहेत. पस्तीस वर्षं मोजणी खात्यात लोकांचे बांध मोजले. निवृत्त झाल्यावर माणूस देवधर्माला लागतो, हे या कागदांना लागले. हात धुऊन, पुसून मगच नकाशा उघडायचा आणि घडीवरच घडी घालायची. "पापडसुद्धा मी इतका जपून उलटत नाही," असं त्यांची बायको भार्गवी म्हणते.

चौसष्ट सालचा तेवढा त्यांच्याकडे नव्हता. अकरा वर्षं जगभर पत्रं पाठवली, आणि तो निघाला जवळच्याच मांडवीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नकाशा होता सावित्रीकाकींकडे. त्यांचा नवरा धाकू बोटीवर खलाशी होता. सहा वर्षांपूर्वी वारला. काकींनी बिस्किटांच्या डब्यातून नकाशा काढून समोर टाकला.

"न्या साहेब. पैसे नकोत. मला तो कागद घरात नको."

चारुदत्तांना आनंद लपवता येईना. हात धुऊन आले, नकाशा उघडला, तर त्यावर पेन्सिलीच्या दोन ठसठशीत फुल्या होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे वरच्या कोपऱ्यात.

"या कोणी मारल्या?"

"ह्यांनीच. ही गोदी, तिथं ह्यांची बोट लागलेली. आणि ह्या स्टेशनाजवळ इस्पितळ. माझा भाऊ भागोजी, तो पण खलाशी, तिथं आजारी पडलेला. ह्यांना चार तासांची सुट्टी व्हती, पण गेले नाय. भागोजी परक्या मुलखात एकटा गेला. घरी आल्यावर म्हणाले, लांब व्हतं. लांब किती ते दाखवायला नकाशा उघडला, फुल्या मारल्या." काकींनी अंगठा आणि करंगळी ताणून दोन फुल्यांवर ठेवली. "वीतभर पण नाय. म्हणाले, नकाशात तसं दिसतं. मी म्हटलं, सरकारी कागद काय खोटं बोलतो? त्या दिवसापासून मी त्यांना ताट वाढलं, पण शेजारी कधी बसले नाय."

चारुदत्तांना हवा होता तो नकाशा हातात होता. घडी घालून उठायचं, एवढंच बाकी होतं. पण जन्मभर मोजणी केलेल्या माणसाला चुकीचं माप डोळ्यांसमोर सोडून जाता येईना.

"काकी, हा नकाशा मापाचा नाही," ते म्हणाले. "कुठली गाडी कुठे बदलायची, एवढंच यात खरं. मधली स्टेशनं ऐसपैस काढतात आणि लांबची कागदावर मावावीत म्हणून जवळ ओढतात. या दोन फुल्यांत सरळ रेघेत सेहेचाळीस किलोमीटर आहेत. तुम्ही इथून लांज्याला गेलात, तरी अजून पुढे जावं लागेल. मध्ये गाड्या बदलायच्या. जाऊन परत यायलाच साडेतीन तास, शिवाय दोन्हीकडची पायपीट. बोट चुकली असती."

काकी कितीतरी वेळ बोटांची वीत तशीच धरून बसल्या.

"म्हणजे ते खरं बोलत व्हते."

"हो."

काकींनी आतून नातीचं पेन आणलं. "तो आकडा ह्याच्यावर लिवा."

चारुदत्तांनी आयुष्यात एकाही नकाशावर बोटाचा डाग पडू दिला नव्हता. अकरा वर्षं शोधलेल्या कागदावर शाईने लिहायचं म्हणजे तो संग्रहातून कायमचा बाद. त्यांना मनापासून वाईट वाटलं. तरी त्यांनी दोन फुल्यांमध्ये रेघ ओढली, मोजणी खात्याच्या नेटक्या अक्षरात '४६ कि.मी.' लिहिलं आणि सवयीने खाली सही करून तारीख घातली.

"आता हा देववत नाय मला," काकी म्हणाल्या.

"नकाच देऊ."

मग त्यांनी चहा केला. कप मात्र तीन आणले. एक चारुदत्तांना दिला, एक धाकूच्या फोटोपुढे ठेवला, आणि आपला घेऊन फोटोच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या.