तीन पाण्यांचं मीठ

सउकलाचा मुलगा धनबीर लग्न करून बिमकलाला घरी घेऊन आला, त्याच वर्षीच्या कार्तिकात फुलकुमारी चौधरी गावच्या आरोग्य चौकीत नर्स म्हणून आली. ती खाली नेपाळच्या सपाट तराईतली, थारू जमातीची मुलगी. डोंगरातल्या पहिल्याच थंडीनं तिचे ओठ फुटले होते. सउकलानं तिला पडवीत बसवलं आणि अक्रोड फोडून देत सुनेला पुढं बोलावलं.

"आमची नवी नवरी. दुसरा महिना लागलाय. नाडी बघ हिची, सिस्टर."

फुलकुमारीनं नाडी सोडून बिमकलाच्या गळ्यावर बोटं ठेवली. "आवंढा गिळ बघू."

बिमकलानं गिळला. कातडीखालची लहानशी गाठ वर गेली आणि खाली आली.

"गळा काय बघतेस?" सउकला हसली आणि तिनं आपली पोवळ्यांची माळ बाजूला सारली. तिच्या गळ्याशी पेरूएवढा गलगंड लोंबत होता. "हा बघ माझा. आमच्याकडं सपाट गळ्याची बाई उपाशी बगळ्यासारखी दिसते. माळ टेकायला काहीतरी नको का?"

फुलकुमारीही हसली, पण अर्धंच. तेवढ्यात अंगणात लाकडाची मोळी घेऊन एक ठेंगणी, रुंद चेहऱ्याची मुलगी आली. मोळी टाकून ती पाहुणीकडं टक लावून बघत राहिली.

"ही कोण?"

"थोरली लेक. लाटी." मुक्याबहिऱ्या पोरीला तिकडं लाटीच म्हणतात, आणि मग त्याशिवाय दुसरं काही कुणी म्हणत नाही. "ऐकू येत नाही, बोलता येत नाही. कामाला मात्र दोन गड्यांना भारी आहे."

"जन्मापासून?"

सउकलानं अक्रोड खाली ठेवला. "ही पोटात असताना मी नागाच्या झऱ्यावर धुणं धुतलं. मला कुठं ठाऊक होतं? अंगात देव येणारा धामी म्हणाला, नागानं पोरीचे कान बंद केले. तेव्हापासून दर नागपंचमीला मी दूध घेऊन जाते. पण देव एकदा रागावला की..." तिनं पुढचं हातानंच सांगितलं.

फुलकुमारीनं लाटीच्या गळ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आमा, तुमचा गळा, सुनेचा गळा आणि लेकीचे कान, तिन्हींचं कारण एकच आहे. ते झऱ्यावर नाही, चुलीवर आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. माणसाच्या अंगाला आयोडीन नावाचं काहीतरी चिमूटभर लागतं. ह्या डोंगरांची माती बर्फानं आणि पावसानं वर्षानुवर्षं धुऊन निघालेली. त्यामुळं ते इथल्या धान्यात नाही, पाण्यात नाही आणि भोटातून, पलीकडच्या तिबेटातून, येणाऱ्या मिठातही नाही. ते मिळालं नाही की गळ्यातली गाठ मोठी होत जाते, माणूस सुस्तावतो, कातडी कोरडी पडते. आणि पोटुशीला मिळालं नाही, तर पोटातल्या पोराचे कान आणि डोकं नीट घडतच नाही. "सरकारी डेपोच्या मिठात ते औषध मिसळलेलं असतं. सुनेला आजपासून तेवढंच द्या."

अंगणाच्या कडेला सउकलाचा नवरा ऐमान मेंढ्यांच्या पाठीवर टाकायच्या लोकरी पिशव्या सांधत बसला होता. साऱ्या खोऱ्यात ऐमान रोकायाचं मीठ प्रसिद्ध होतं. दर उन्हाळ्यात तो मेंढ्या घेऊन भोटात जाई, धान्य देऊन मीठ आणी आणि हिवाळ्यात खालच्या गावांना विकी. त्याची सुई थांबली.

"माझ्या मिठात खोट काढतेस काय गं पोरी?" तो म्हणाला. "माझ्या आज्यानं आणलं, बापानं आणलं, सगळ्या खोऱ्यानं खाल्लं. कोण मेलं?"

"मेलं कुणी नाही, बा," फुलकुमारी हळूच म्हणाली. "ऐकू येईनासं झालं."

ऐमान उठला, पिशव्या खांद्यावर टाकल्या आणि निघून गेला. त्यानंतर मेंढ्या घेऊन खाली उतरेपर्यंत, चौकीवरून जाताना तो मान वळवून जात असे.

सउकला मात्र त्या रात्री नीट झोपली नाही. नाग रागावला असेल तर आपण काय करणार? पण मीठ तर आपल्या हातातलं होतं. नवरा मेंढ्या घेऊन खाली उतरल्यावर तिनं एक टोपली राजमा पाठीवर घेतला, डेपोच्या गावाला गेली आणि राजमा विकून खड्याचं मीठ घेऊन आली. सुनेसाठी वेगळं मडकं केलं आणि लाटीला खुणेनं बजावलं: ह्याला हात लावायचा नाही. बिमकलाची भाजी, वरण, फापराच्या पिठाच्या भाकरीबरोबरची चटणी, सगळं त्या मडक्यातलं.

"आमा, हे मीठ अळणी लागतं हो," बिमकला कुरकुरायची.

"औषध कधी चवीचं असतं का? गप गिळ."

फाल्गुनात बर्फ वितळलं, ऐमान परतला आणि बिमकलाचा गळा आधीपेक्षा मोठा झालेला दिसला. ऐमाननं सुनेकडं एकदा बघितलं आणि मिशीत हसला. "वा! सरकारी मीठ चांगलंच लागू पडलं म्हणायचं."

फुलकुमारीला काही समजेना. तिनं चौकीत बिमकलाला पुन्हा पुन्हा विचारलं, दुसरं मीठ खातेस का, माहेरी जाऊन राहिलीस का. बिमकला नाही नाही म्हणत रडायला लागली. शेवटी एका सकाळी फुलकुमारी स्वतःच घरी आली. रोकायांच्या चुलीपाशी बाहेरच्या माणसाला जाता येत नसे, म्हणून ती अंगणातच उभी राहिली. आणि अंगणातच सउकला तांब्याच्या परातीत काहीतरी खळाखळा धूत होती.

"काय करता, आमा?"

"सुनेचं मीठ धुते."

फुलकुमारी जागच्या जागी उकिडवी बसली. "मीठ धुता?"

"मग?" सउकलाला प्रश्नच कळला नाही. "मेंढीच्या पाठीवरून येतं, लोकर असते, लेंडीचा धुरळा असतो, घाम असतो. कुणाकुणाचे हात लागलेले. न धुता चुलीवर नेलं तर घरचा देव बाटेल. माझ्या सासूनं शिकवलंय, आम्ही सगळ्याच धुतो."

"पण हे डेपोचं आहे! मेंढीवरून नाही आलं!"

"पोत्यात माती होतीच की. आणि पोटुशीचं म्हणून मी दोन पाण्यांऐवजी तीन पाण्यांनी धुते," सउकला थोडी अभिमानानंच म्हणाली.

"आमा, औषध मिठाच्या वरच लावलेलं असतं हो. खडा धुतला की ते गेलं पाण्यातून."

सउकलाचे हात परातीत तसेच राहिले. पाणी गढूळ होतं.

"सगळं गेलं?"

"जवळजवळ सगळं. हे पाणी तुम्ही टाकता कुठं?"

"गाईला पाजते. खारं आवडतं तिला."

"मग तुमच्या गाईच्या गळ्याला काही होणार नाही," फुलकुमारी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिनंच तोंडावर हात ठेवला.

सउकला हसली नाही की रडली नाही. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि विचारलं, "आता?"

"आयोडीनच्या तेलाचं इंजेक्शन असतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे. पण खोटं नाही बोलत, आमा. पोराचे कान घडायचे पहिले महिने गेले. सुनेच्या अंगात थोडंफार कुठून आलं असेल तर आलं असेल. मी वचन देत नाही."

दारात ऐमान उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. सउकलाला वाटलं, आता हा मिशीत हसणार. पण तो परातीतल्या पाण्याकडं बघत होता. मग तो गोठ्यात गेला, घोडं बाहेर काढलं, त्यावर घोंगडी घातली.

"बिमकला, चल," तो म्हणाला. "वाटेत उतरायचं नाही, पाय दुखले तरी."

दोघं जाऊन इंजेक्शन घेऊन आले. वाटेत काय बोलणं झालं ते ऐमाननं कधी सांगितलं नाही. बिमकला एवढंच म्हणाली, की नदी ओलांडताना बा कंबरभर पाण्यात घोड्याचा लगाम धरून चालले आणि सगळा वेळ पुटपुटत होते. तेव्हापासून घरात मीठ धुणं बंद झालं. सउकला एक एक खडा पदरानं पुसायची, आणि पुसतानाही तिचा हात थांबायचा.

ज्येष्ठात बिमकलाला मुलगा झाला. रंगानं गोरा, वजनानं बरा. शेजारणी येऊन बघून गेल्या. "कुणासारखा झालाय?" असं सगळ्यांनी विचारलं, ऐकू येतं का, हे कुणीच विचारलं नाही. सउकलाही विचारत नव्हती. टाळी वाजवून बघावी म्हणून तिनं कितीदा हात उचलले आणि खाली ठेवले. फुलकुमारी बाळाला बघायला आली तेव्हाही ती म्हणाली, "आज नको. तो झोपलाय."

बाळ झोपलेलंच होतं. लाटी पाण्याची तांब्याची घागर घेऊन आत आली. उंबऱ्यात तिचा पाय अडखळला आणि घागर दगडी फरशीवर आदळली. सगळं घर दणाणलं.

बाळानं दोन्ही हात झटकले, तोंड वासलं आणि टाहो फोडला.

कुणी जागचं हललं नाही. बिमकलाला बाळाला उचलायचंही भान राहिलं नाही. ऐमान पडवीतून धावत आत आला आणि दारातच थांबला. "रडला," तो म्हणाला. "आवाजानं रडला!"

लाटी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. सगळे तिच्याचकडं बघत होते, तोंडं उघडी, डोळ्यांत पाणी. तिला वाटलं, आपलंच चुकलं. ती घाईघाईनं खाली बसली आणि लुगड्याच्या टोकानं सांडलेलं पाणी टिपायला लागली.

सउकला तिच्याजवळ जाऊन बसली. तिचे हात धरले, पुसणं थांबवलं.

"सिस्टर," मान वर न करता तिनं विचारलं, "हिच्या वेळी हे मीठ असतं तर?"

फुलकुमारीनं कलंडलेली घागर उभी केली. "तेव्हा इथं मिळतच नव्हतं, आमा."

"ते नाही विचारलं मी."

"ऐकू आलं असतं," फुलकुमारी म्हणाली. "बहुतेक आलं असतं."

सउकलानं मान हलवली. धुण्याचं, नागाचं, रागाचं जे ओझं इतकी वर्षं वाहिलं होतं ते उतरलं, आणि त्या जागी दुसरं आलं. ते जास्त जड होतं की हलकं, हे तिला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

ऐमाननं भोटाची वाट सोडली. मेंढ्या आता दक्षिणेला जायच्या आणि डेपोचं मीठ वर आणायच्या. पावसाचा थेंब लागू नये म्हणून तो पिशव्यांवर स्वतःचं घोंगडं टाकी आणि आपण भिजत चाले. नातू बोलायला लागला, नको तेवढा बोलायला लागला. लाटीच्या पाठीवर बसून तो तासन्तास बडबडायचा, आणि ती त्याचा गळा आपल्या मानेला लावून, तो थरथरतोय ना, एवढंच बघायची.

काही वर्षांनी लाटी गेली, तेव्हा अंत्यविधीसाठी आलेल्या ब्राह्मणानं अंगणात तिचं नाव विचारलं. ऐमाननं सउकलाकडं बघितलं. शेजारचं कुणीतरी म्हणालं, "लाटी म्हणा, चालेल."

"रूपकला," सउकला म्हणाली. ब्राह्मणाला ऐकू गेलं नसेल म्हणून तिनं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

रूपकला ऐमान रोकाया. विक्रम संवत दोन हजार बावन्नच्या पौषात, छातीत कफ भरून, चौकीतल्या खाटेवर ती वारली.