पायांवरचे पराग

मी एक वाळवंटी मधमाशी बोलतेय. टाचणीने टोचलेली, संग्रहालयातल्या खणात डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडलेली. जिवंतपणी मला कुणी विचारलं नाही. मेल्यावर मात्र माझ्या पत्त्यावरून वाद झाले.

आमच्यात राणी नाही, पोळं नाही. जिचं बीळ तिनेच खणायचं. कोरड्या नदीच्या वळणावर, वाळूच्या दरडीत मी माझं खणलं. आत होणाऱ्या लेकरासाठी परागांचा गोळा वळत होते. शेवटचं ओझं पायांवर घेऊन परतत होते, तोच अंगावर जाळं पडलं.

जाळंवाले प्राध्यापक मोठे विद्वान, पण ताकही फुंकून पिणारे. आमची जात कुठे कुठे राहते, याचा नकाशा त्यांनी भरला होता. सगळे ठिपके पश्चिमेला; पूर्वेला मी एकटीच. "वाऱ्याने वाट चुकली असेल," सहकारी म्हणाले. झालं! माझ्या ठिपक्याशेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह उमटलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं.

मग ती दरड वाळूसाठी खोदायचं ठरलं. आमची वस्ती तिथे आहे का, अशी सरकारी कचेरीतून विचारणा आली. असेल तर काम थांबणार होतं. प्राध्यापक तोवर निवृत्त झालेले. रोज यायचे, माझा खण उघडायचे, बंद करायचे. असे कितीतरी आठवडे गेले.

"काय कळवलंत मग?" डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नीने विचारलं.

"बहुधा आहे, असं लिहू का?"

"अहो, जन्मभर बहुधा! लग्नाला तरी होकार कसा दिलात?"

"तुझ्या वडिलांनी विचारलंच कुठे? सरळ तारीख सांगितली."

त्या हसल्या. ते मात्र भिंगावर वाकले, ते वाकलेलेच राहिले.

"अगं, हिच्या पायांवर पराग आहेत. इतकं ओझं घेऊन कुणी वाट चुकत नाही. ही घरी चालली होती." मग हळूच म्हणाले, "तेव्हाही दिसलं होतं मला. धीर झाला नाही."

प्रश्नचिन्ह खोडलं. उत्तर त्याच दिवशी गेलं. तिकडून उत्तर आलं : दरड गेल्याच महिन्यात खोदून झाली.

जिथली वस्ती संपली, तिथे नकाशावर पोकळ वर्तुळ काढतात. माझा ठिपका पुसून त्यांनी ते काढलं. त्याची टोकं काही जुळली नाहीत. बाईंनी त्या दिवशी नुसता डबा उघडून पुढे सरकवला.

खण साफ करणाऱ्यांनो, पंखांवरची धूळ हवी तर झटका. पायांना मात्र ब्रश लावू नका. ते ओझं मला घरी पोचवायचं होतं.