भोंग्यातला रुमाल

“घाल सही,” फौजदारांनी टाक दौतीत बुडवून पुढे केला. “जिल्ह्याचे पोलीससाहेब आत वाट बघतायत.”

नाथाजीने टाक हातात घेतला, पण कागदावर टेकवला नाही. जबानी त्याच्या नावची होती, शब्द मात्र त्याचे नव्हते. ‘भोंगा वेळेवर दाबला. मयत मनुबाई हिला वृद्धापकाळामुळे ऐकू येत नसल्याने ती रस्त्यातून बाजूला झाली नाही.’

“म्हातारी बहिरी हुती, हे कुणी सांगितलं जी?”

“सत्तरीची बाई. कान काय शाबूत असणार?” फौजदार आवाज उतरवून म्हणाले. “आणि भोंग्याचा फुगा तू दाबलास ना?”

“दाबला.”

“मग यात खोटं काय आहे? बिल्ला घालवायचाय का, पोलीस लायनीतली खोली सोडायचीय? तुझं तूच बघ.”

भोंगा दाबला होता, हे खरंच. ब्रह्मदेशाच्या चिखलात चार वर्षं लष्कराच्या गाड्या हाकलेला माणूस तो, आता पोलिसांच्या गाडीवर. हात आपोआप भोंग्याच्या रबरी फुग्यावर गेला होता.

त्या दिवशी नागपंचमी होती. सकाळी नाथाजीच्या बायकोने विळी आडवी करून भिंतीशी ठेवली होती. चिरायचं नाही, कापायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही. तिने दिंडं उकडली, नागोबाला दूध-लाह्या वाहिल्या आणि तो निघताना म्हणाली, “आज मुंगीलाबी दुखवायचं न्हाई. जपून हाका.”

दुपारी खबर आली की चोरट्या साखरेची एक लॉरी शिराळ्याच्या वाटेने निघाली आहे. पाठलागाचा नियम छापील होता. नाथाजीने तो स्वतःच्या हाताने गाडीत चालकासमोर चिकटवला होता. वस्तीत शिरताना वेग बैलगाडीइतका ठेवावा. भोंगा सतत वाजवावा. माणसे रस्त्यात असल्यास पळणारी गाडी जाऊ द्यावी, नंबर टिपून घ्यावा. चाक ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची. फौजदारांनी गाडीत बसताबसता खिशातला रुमाल काढला, त्याचा बोळा केला आणि भोंग्याच्या तोंडात घट्ट कोंबला. ही त्यांची नेहमीचीच रीत. चुकून हात लागला, भोंगा वाजला, की पुढचा सावध होतो, असं त्यांचं म्हणणं.

“जी, वस्ती आली,” वेशीपाशी नाथाजी म्हणाला होता.

“हाण! समोर दिसतोय तो!”

आणि त्याने हाणली.

वळणाच्या पलीकडे बायका वारूळ पुजून गाणी म्हणत परतत होत्या. साखरेची लॉरी आली, तशा सगळ्याजणी कडेच्या चिखलात सरकल्या. लॉरी गेली. मनुबाई हातातली वाटी सांभाळत सगळ्यांच्या आधी रस्त्यावर आली. त्या गावाने आजवर एकामागून एक दोन मोटारगाड्या कधी बघितल्याच नव्हत्या. एक गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला, एवढंच तिथल्या लोकांना ठाऊक. पुढच्या लॉरीची घरघर अजून कानात होती, तिच्यातच मागच्या गाडीचा आवाज मिसळून गेला. नाथाजीला म्हातारीची पाठ दिसली. त्याने ब्रेक दाबला, फुगा दाबला. चाकं ओल्या मातीवरून घसरत गेली. भोंग्यातून नुसतं ‘फुस्स’ झालं.

चोरटी लॉरी गेली ती गेलीच. मागे लाह्या पांगल्या होत्या. फौजदार लोकांना पांगवत होते, तेवढ्यात नाथाजीने भोंग्यातला रुमाल उपसून खिशात घातला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“बघतो जी,” आता तो म्हणाला. टाक तसाच खाली ठेवून तो ओसरीवर आला. नव्या जिल्ह्याची ही नवी कचेरी. भिंतींना अजून चुन्याचा वास होता. खांबाला टेकून मनुबाईची सून बनुबाई बसली होती. जबानीवर तिचा अंगठा घेण्यासाठी तिलाही सांगलीला बोलावलं होतं. तिने त्याला ओळखलं, पण ती ना उठली, ना रडली.

“आवं ड्रायव्हर,” ती म्हणाली, “कारकून म्हनतोय, आत्ती बहिऱ्या हुत्या म्हनून मेल्या. असं कुणी सांगितलं त्येला?”

नाथाजीचा हात खिशातल्या रुमालावर गेला.

“गोठ्यात वासरू हललं तरी आमच्या आदी त्या उठायच्या. कान लय तिखट. आमी चुलीपाशी हळू बोलायचो, तर माजघरातनं वरडायच्या, ‘ऐकतीया गं मी!’ ” ती जराशी हसली आणि लगेच पदर तोंडाशी गेला. “मेल्या त्या मेल्या. पर मागं कागदावर त्यांस्नी बहिरी करू नगा.”

नाथाजी आत गेला, तो फौजदारांच्या टेबलाशी न थांबता सरळ साहेबांसमोर. सलाम केला. खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला. मळका, तेलकट, बोळा होऊन सुकलेला. कोपऱ्यात रेशमी दोऱ्याने दोन अक्षरं काढलेली होती.

“ह्यो भोंग्यात हुता जी. भोंगा दाबला, पर वाजला न्हाई. म्हातारीला ऐकू येत हुतं.”

साहेबांनी रुमालाकडे पाहिलं, मग दारात उभ्या फौजदारांकडे. “रुमाल कुणाचा?”

“फौजदारसायबांचा,” नाथाजी म्हणाला. “पर चाक माज्या हातात हुतं. रुमाल दिसत हुता, वेस दिसत हुती. नेम मला पाठ हुता. थांबायला पायजे हुतं, थांबलो न्हाई. ते बी लिवा.”

साहेबांनी कोरा कागद ओढला आणि स्वतःच लिहायला घेतलं. लिहून झालं, तसं वाचून दाखवलं. नाथाजीने सही केली, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि शर्टावरचा पितळी बिल्ला काढून तिच्याशेजारी ठेवला. तो कुणी मागितला नव्हता. परत घे, असंही कुणी म्हणालं नाही.

बनुबाई ओसरीवर तशीच होती.

“काय लिवलं?”

“त्यांस्नी ऐकू येत हुतं, असं लिवलं.”

तिने मान हलवली. त्याला ना शिव्या दिल्या, ना माफी. अंगठा द्यायला ती आत गेली.

नाथाजी पायीच निघाला. विळी आडवी ठेवणाऱ्या बायकोला घरी जाऊन काय सांगायचं, ते मनात जुळवत रस्त्याच्या मधूनच चालत राहिला. मागून भोंगा वाजला, मोठा, मोकळा. तो कडेच्या चिखलात उतरला. लॉरी निघून गेली, रस्ता मोकळा झाला.

तरी तो कडेलाच उभा राहिला, वळणाकडे कान देऊन.