सहा रंगांची सरासरी

डॉक्टरांच्या हातात दोन पानी फॉर्म. त्या वाचतात, आम्ही उत्तरं देतो.

घरात कोण कोण?

"सासूबाई, हे, धाकटे दीर, ही माझी जाऊ, मी आणि बिटकी," वहिनी म्हणाली. बिटकी तिच्या मांडीवर. अडीच वर्षांची, डोळे दिव्याकडे. मला मुद्दाम आणलंय, कारण मी लॅबमध्ये आहे. खेळणी, कंगवे, लिपस्टिक, भांडी, सगळ्यात शिसं आहे का बघते. "तूच बोल बाई. मी घाबरून भलतंच बोलून बसेन."

मूल बोलतं का?

"चार शब्द बोलायची. आता तेही नाहीत."

याचं कारण सासूबाईंना पाठ आहे. आज निघतानाही त्यांनी ऐकवलंच. "डॉक्टर काय दिवे लावणार? आईच ठोंबी, लेक कुठून बोलणार? हिच्या माहेरी सगळेच मुके." वहिनी वाकून चपलेचा पट्टा लावत बसली. बराच वेळ लावत बसली. मी सासूबाईंकडे बघून हसले. त्या घरात हसणारीला चहा आधी मिळतो.

माती, रंग, भिंतीचे पोपडे खाते?

"छे! दुधाची वाटी तेवढी चावायची. पिवळी. हिनंच आणली होती वर्षापूर्वी. आठवड्यापूर्वी कुठे हरवली कोण जाणे, तेव्हापासून रडून घर डोक्यावर घेतलंय."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कसली वाटी?"

"आमच्या लॅबमधली," मी म्हणाले. "तपासलेली. पास झालेली."

"मग ठीक."

(इथे फॉर्मवर प्रश्न नाही. मीच लिहिते.)

वाट्या सहा रंगांच्या येतात. प्रत्येकीचा रंग खरवडून वेगळा तपासायचा, तर सहा दिवस. आमचे साहेब म्हणतात, सहाही एकाच बाटलीत घाला. नियमात तेही बसतं, फक्त मग मर्यादाही सहानं भागायची. शिशाचे दहा लाखात नव्वद भाग चालतात, तर मिश्रणात पंधराच चालणार. आम्ही रंग एकत्र करायचो आणि मर्यादा नव्वदच ठेवायचो. इतकी वर्षं कुणीच भागाकार केला नाही. मीही नाही. आकडा आला अठ्ठ्याहत्तर. पास. सही माझी. उरलेला संच लॅबमधली माणसं घरी नेतात, मी पिवळी वाटी उचलली. पुतणीला शोभेल म्हणून.

गेल्या आठवड्यात वाटीच्या कडेला दातांच्या खुणा दिसल्या. मधला रंग गेलेला. उरलेला खरवडून नेला, एकटाच तपासला. चारशे अडुसष्ट, अठ्ठ्याहत्तरच्या बरोबर सहापट. बाकी पाच रंगांत काही नव्हतंच. सगळं शिसं पिवळ्यात होतं.

वाटी मी लॅबच्या कचऱ्यात टाकली. वाट्या अजून दुकानात आहेत.

घरात किंवा घरातल्यांच्या कामावर शिशाशी संबंध?

वहिनी माझ्याकडे वळली. "हे तुला कळतं. सांग ना."

डॉक्टर म्हणाल्या, "शिशानंही बोलणं मागे पडतं. शंका असेल तर रक्त तपासू. सापडलं तर औषध आहे, वेळेत असलेलं बरं. लिहू?"

"हो" म्हटलं की रक्त, रक्तावरून वाटी, वाटीवरून माझी सही. नोकरी जाईल, ते सोडा. पण मग सासूबाईंना रोज सकाळी ऐकवायला दुसरी सून मिळेल. इतके दिवस ज्या पाटावर वहिनी बसली, तो मला माहीत आहे. मी तिला तिथून उठवू शकत होते. माझ्या एका शब्दाचं काम होतं.

"नको," मी म्हणाले. "घरातलं सगळं मी स्वतः तपासलंय. उगाच पोरीला सुई कशाला?"

"हो ना," वहिनी म्हणाली आणि माझा हात दाबला. तिचा तळवा ओला होता.

डॉक्टरांनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, कानांची तपासणी. मग वहिनीला म्हणाल्या, "आणि तुम्ही तिच्याशी बोलत जा हो. आया बोलत नाहीत, मग मुलं मागे पडतात."

वहिनीची मान खाली गेली. "चुकलं माझं," ती म्हणाली.

बाहेर जिन्यात तिनं लगेच सुरुवात केली. "बिटके, ही भिंत. हा कठडा. ही कोण? ही काकू. म्हण, काकू." बिटकीनं तिच्या खांद्याचं कापड तोंडात धरलं. "म्हण ना ग. काकू." तीन मजले उतरेपर्यंत ती तेच म्हणत राहिली, प्रत्येक पायरीला एकदा.