अठरा फुटांचा रस्ता

ही गोष्ट आहे एकोणीसशे पस्तीसच्या सुमाराची. नाशिकच्या भांडीबाजारातून गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, घाटाकडे एक रस्ता उतरत असे. बैलगाड्या आणि टांगे यांनी तो आधीच गजबजलेला. त्यात आता वणीच्या यात्रेला माणसे नेणाऱ्या मोटारलॉऱ्यांची भर पडली होती. दोन वाहने समोरासमोर आली की गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि पायी चालणारा बिचारा भिंतीला पाठ लावून उभा राही.

याच रस्त्यावर यादवशेठ तांबट यांचे दुकान होते. शेठ मनाने चांगले, आणि रस्त्याची त्यांना मोठी कळकळ. रस्ता रुंद करावा, वळणावर दिवा लावावा, उघडे गटार झाकावे, असे तीन अर्ज त्यांनी म्युनिसिपालिटीकडे धाडले होते. मात्र अर्ज लिहायला ते ज्या बाकावर बसत, तो बाक रस्त्यातच होता. बाकापुढे फळी, आणि फळीवर हंडे-घागरींची रास. पण शेजारीपाजारी सगळ्यांचेच तसे असल्यामुळे त्यात काही वावगे आहे, असे कोणालाच वाटत नसे.

हबीब टांगेवाला त्यांचा वीस वर्षांचा स्नेही. रोज सकाळी तो दुकानापाशी टांगा थांबवी, घोड्याला पाणी पाजी आणि शेठबरोबर चहा घेई.

चैत्रातल्या एका सकाळी हबीब उतारावरून येत होता. समोरून भोंगा वाजवत लॉरी चढली. घोडा बुजला, टांगा तिरपा झाला. त्याच वेळी भाजीवाल्या गोजराबाई डोक्यावर टोपली घेऊन दुकानापुढून चालल्या होत्या. त्या बाजूला सरकल्या, हंड्याला अडखळल्या आणि पडल्या. टांग्याचे चाक त्यांच्या पायावरून गेले.

हबीबनेच त्यांना उचलून दवाखान्यात नेले. पाठोपाठ हवालदार आला. "टांगेवाल्याचीच चूक," लोक म्हणाले. हवालदाराने शेठना विचारले. शेठ क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "घोडा बुजला, हे खरं."

ते खरेच होते. पण तेवढेच खरे नव्हते. हबीबने एकदा शेठकडे पाहिले आणि टांगा हाकण्याच्या परवान्याचा आपला बिल्ला काढून हवालदाराला दिला. चौकशी होईपर्यंत त्याचा टांगा बंद झाला.

चौथ्या दिवशी शेठ गोजराबाईंच्या घरी गेले. पायाला फळ्या बांधून त्या बाजेवर पडल्या होत्या.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "शेठ, तुम्ही अर्ज लिवता ना? माझाबी एक लिवा."

शेठनी खिशातून कागद काढला. "सांगा."

"लिवा. गोजराबाईला लॉरी दिसली व्हती, टांगाबी दिसला व्हता. बाजूला व्हायला एक पाऊल जागा पायजे व्हती. त्या जागेवर हंडा व्हता."

शेठची लेखणी थांबली.

"हंडा कुनाचा, ते लिवायचं का नाय, तुमचं तुम्ही ठरवा," गोजराबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्यावर राग नाय माझा. मीबी टोपली रस्त्यातच मांडते की. सगळ्यांनी मिळून थोडा थोडा रस्ता खाल्ला, शेठ, अन् बिल्ला गेला एकट्या हबीबभाईचा. त्याच्या घरी बायकापोरं हायेत."

शेठना मान वर करवेना. तिथून ते थेट पोलीस चौकीत गेले. "त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं," ते हवालदाराला म्हणाले. "बाई माझ्या हंड्याला अडखळून पडल्या. हंडा माझा, आणि तो रस्त्यात होता." हे त्यांनी लिहून दिले आणि खाली सही केली.

संध्याकाळी ते हबीबच्या दारात उभे राहिले. हबीबची बायको हुस्नबानो हिने दार उघडले. आतून हबीब म्हणाला, "या शेठ. त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आलात ना. बसा. चहा टाक गं."

दुसऱ्या दिवशी आपल्या तीन अर्जांचे काय झाले ते विचारायला शेठ म्युनिसिपालिटीत गेले. तिथल्या ओव्हरसियरने रस्त्याचा नकाशा उलगडला. "तुम्ही रुंद करा म्हणता. कागदावर तुमचा रस्ता अठरा फूट आहे. आहे का तो जागेवर?"

शेठनी दुकानी येऊन दोरीने मोजले. त्यांच्या दुकानापुढे रस्ता अकरा फूट भरला.

त्यांनी तिथल्या तिथे फळी उचलून आत नेली, मग बाक नेला. शेजारचे किराणा दुकानदार गोटीराम पाहतच राहिले. "गिऱ्हाईक आत कोण येईल, शेठ?"

"जो धडधाकट पायांनी चालत येईल तो," शेठ म्हणाले. "गोटीराम, आपण सरकारकडे जो रस्ता मागत होतो, तो आपल्याच पोत्यांखाली आहे."

गोटीराम त्या दिवशी तणतणले. दोन दिवसांनी मात्र त्यांची पोती आत गेली. मग हळूहळू सगळ्यांच्या फळ्या सरकल्या. चौथा अर्ज गेला तो एकट्या शेठचा नव्हता; त्यावर एकवीस सह्या आणि सात अंगठे होते, गोजराबाईंचाही. पावसाळ्याआधी गटारावर फरश्या पडल्या, वळणावर दिवा लागला, आणि लॉऱ्यांनी बाहेरच्या रस्त्याने जावे असे ठरले. हबीबला बिल्ला परत मिळाला.

श्रावणात गोजराबाई काठी टेकत पुन्हा घाटाकडे निघाल्या. पाय जरासा लंगडत होता, तो तसाच राहणार होता. मागून हबीबचा टांगा आला. त्याने घंटा वाजवली नाही. तशी गरजच पडली नाही. तो त्यांच्या बाजूने सावकाश पुढे गेला. दुकानाच्या पायरीवर उभे राहून शेठ दोघांकडे पाहत होते.

नागरिकहो, रस्ता सरकारचा असतो, तसाच तो आपल्यापुढून जाणाऱ्या प्रत्येक पावलाचा असतो. तो सुरक्षित व्हावा म्हणून अर्ज जरूर करावेत, सगळ्यांनी मिळून करावेत. पण त्याआधी आपण आपल्या दारासमोर दोरी धरून पाहावी आणि त्यातली किती पावले आपण अडवली आहेत, ते मोजावे.